पार्सल आत यावे, पण कुरिअरवाला कुठपर्यंत यावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात एका दांपत्याचे रो-हाउस आहे. पती वाळूजच्या कारखान्यात पाळीवर असतात, पत्नी महाविद्यालयात शिकवतात आणि दिवसभर घरी फक्त सासूबाई असतात. गुडघ्यांमुळे त्यांना पलंगावरून उठून दारापर्यंत यायला चार-पाच मिनिटे लागतात. तेवढ्यात कुरिअरवाला दोनदा बेल वाजवून निघून जातो आणि औषधांचे पार्सलसुद्धा परत जाते. म्हणून मुख्य दाराला स्मार्ट लॉक, म्हणजे कोडने किंवा फोनवरून उघडणारे कुलूप, बसवावे, कुरिअरवाल्याला कोड द्यावा आणि त्याने पार्सल दिवाणखान्यात ठेवून दार ओढून घ्यावे, असा त्यांचा विचार आहे. त्यासाठी कुलूप कोणते घ्यावे, एवढेच त्यांनी विचारले आहे.

या शहरात आणि पैठण, सिल्लोड, जालन्यापर्यंत मी गेली २२ वर्षे कुलपे बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतो. अलीकडे त्यातली बरीचशी कुलपे इलेक्ट्रॉनिक असतात, आणि ती विकण्यात माझा फायदाच आहे. तरीही माझा सल्ला असा आहे की मुख्य दाराचा कोड कुरिअरवाल्याला देऊ नये. कुलूप कोणते हा प्रश्न नंतरचा. ते कोणत्या दाराला बसवायचे, हे आधी ठरवावे लागते.

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत ही व्यवस्था बांधकामातच असे. दिंडी दरवाजातून आत आले की ढाळज, म्हणजे दाराच्या आतली बसायची जागा, लागे, आणि तिथपर्यंत सावकाराचा कारकून, पोस्टमन, वासुदेव, कोणीही येऊन टेकत असे. ओसरीवर ओळखीचा माणूस येई आणि माजघरात घरचेच. दिंडी दिवसभर उघडी राहिली तरी घर उघडे पडत नसे. सिडकोच्या रो-हाउसला ढाळज नसते. पण बहुतेक घरांना बाहेर लोखंडी जाळीचे दार, मग चार-पाच फुटांचा पोर्च आणि त्यापुढे मुख्य दार असते. कुरिअरवाल्याला जी जागा द्यायची ती हीच, आणि खर्च करायचा तो त्या जाळीच्या दारावर.

घरात सामान ठेवून जाण्याची कल्पना गाजली ती अमेरिकेत, आणि तिथे ती कशी राबवली गेली हे पाहिले म्हणजे आपल्याकडे काय नाही ते कळते. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘ॲमेझॉन की’ ही सेवा जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात ती ३७ शहरांतील प्राइम सदस्यांसाठी सुरू केली. कुलूप आणि कॅमेरा यांच्या संचाची किंमत सुमारे २५० डॉलर होती. त्या पद्धतीत कुरिअरवाल्याच्या हाती कोड कधी पडतच नव्हता. तो दारात येऊन पार्सल स्कॅन करी, कंपनीचा सर्व्हर हेच पार्सल, हाच चालक, हाच पत्ता आणि हीच वेळ आहे का हे ताडून पाही, मग कॅमेऱ्याचे चित्रीकरण सुरू होई आणि त्यानंतर कुलूप उघडत असे. वॉलमार्टने २०१९ मध्ये कॅन्सस सिटी, पिट्सबर्ग आणि व्हेरो बीच येथे किराणा थेट फ्रिजमध्ये ठेवून देण्याची सेवा सुरू केली, तेव्हा त्यासाठी स्वतःचेच कर्मचारी नेमले आणि त्यांच्या अंगावर कॅमेरे दिले.

इतका बंदोबस्त करूनही फट राहिलीच. नोव्हेंबर २०१७ मध्येच ऱ्हायनो सिक्युरिटी लॅब्ज या संस्थेने दाखवून दिले की आत गेलेला माणूस बाहेर पडून दार लागण्याआधी जवळच्या संगणकावरून कॅमेऱ्याचा वाय-फायशी असलेला संपर्क तोडू शकतो. मग मालकाच्या फोनवर बंद दाराचे शेवटचे चित्र तसेच गोठून राहते, आणि कुलूप त्या कॅमेऱ्यामार्फतच जोडलेले असल्यामुळे दार लावण्याचा हुकूमही पोहोचत नाही. कंपनीने त्यावर सुधारणा केली, हे खरे. पण आपण दुकानातून जे आणणार आहात ते या सगळ्या साखळीचे एकच टोक आहे. चालकाची ओळख पटवणारा सर्व्हर, पार्सलशी बांधलेली परवानगी आणि चूक झाली तर जबाबदार धरता येईल अशी कंपनी, यांपैकी काहीही कुलपाच्या खोक्यात येत नाही. त्यांची जागा आपण चार किंवा सहा आकड्यांच्या कोडने भरून काढायला निघालो आहोत.

आणि तो कोड कसा फिरतो, हे मी जवळून पाहिले आहे. मागच्या वर्षी एका भंगारवाल्याच्या हातगाडीवर खोक्यांची चवड होती. वरच्याच खोक्यावर पत्त्याचे लेबल जसेच्या तसे होते: नाव, घर क्रमांक, ‘हनुमान मंदिरामागे’, आणि त्याच ओळीत पुढे ‘दाराचा कोड’ म्हणून चार आकडे व शेवटी हॅश. ऑर्डर देताना जवळची खूण लिहायच्या रकान्यात गृहस्थांनी कोडच लिहून टाकला होता, म्हणजे कुरिअरवाल्याला फोन करावा लागू नये. ते लेबल गोदामात छापले गेले, मोठ्या केंद्रावर वर्गवारीत फिरले, गाडीतून शहरात आले, इथल्या केंद्रात पोहोचवणाऱ्या मुलाच्या पिशवीत पडले आणि शेवटी भंगारात गेले. किती हातांतून गेले याची मोजदाद नाही. मी ते लेबल फाडले आणि त्या पत्त्यावर जाऊन सांगून आलो. कोड आठ महिन्यांपासून तोच होता.

आता कुलपाच्या आतली गोष्ट सांगतो, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. फोनवर ‘दार लॉक झाले’ असा संदेश येतो, तेव्हा कुलपाने प्रत्यक्षात एवढेच सांगितलेले असते की माझा बोल्ट, म्हणजे कुलपाचा दांडा, बाहेर आला. तो चौकटीच्या पट्टीत शिरला की हवेत लोंबकळतो आहे, हे साध्या कुलपाला कळत नाही. गारखेड्यात एका घरी मी बसवलेल्या कुलपाबाबत हेच घडले. एप्रिलमधल्या दुपारी मुलाने पार्सल आत ठेवले, दार ओढले आणि तो गेला. पण पायपुसण्याची कड दाराखाली दुमडली गेली आणि दार दोन बोटे उघडे राहिले. पाच सेकंदांनी आपोआप लॉक होण्याची सोय होती, त्याप्रमाणे बोल्ट बाहेर आला आणि बाईंच्या फोनवर तसा संदेशही गेला, त्यामुळे त्या कार्यालयात निश्चिंत होत्या. संध्याकाळी साडेसहाला घरी आल्या तेव्हा दार उघडे आणि स्वयंपाकघरात मांजर. दुधाच्या पातेल्यावर भागले, याचा त्यांना आनंद आणि मला शरम वाटली, कारण चौकटीवर बसवायचा चुंबकी सेन्सर त्या संचासोबत वेगळा मिळत होता आणि पैसे वाचवायचे म्हणून तो आम्ही दोघांनीही सोडून दिला होता. दार खरोखर चौकटीला टेकले आहे का, हे तो सेन्सर सांगतो. तो नसलेले कुलूप परक्या माणसाने लावलेल्या दारावर कधीही विसंबण्याजोगे नाही.

घरच्या माणसाला आपल्या दाराची खोड माहीत असते. लाकडी दार पावसाळ्यात फुगते, त्यातही वरची आणि खालची कड रंग न लावता कोरी सोडलेली असेल तर जास्तच, आणि मग आषाढ-श्रावणात ते खांदा लावून दाबल्याशिवाय बसत नाही. आपण सवयीने दाबतो. चाळीस पार्सले घेऊन निघालेला मुलगा दाबणार नाही. बोल्ट पट्टीच्या कडेवर अडला की मोटर पुन्हापुन्हा जोर लावते, सेल उतरतात आणि कुलूप ‘अडथळा’ म्हणून कुरकुरत बसते. अशा दाराला आधी सुताराकडून रंधा मारून घ्यावा, कडा रंगवून घ्याव्यात, बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून घ्यावेत आणि मग इलेक्ट्रॉनिक कुलपाचा विचार करावा. स्मार्ट लॉक बिघडले म्हणून मला येणाऱ्या बोलावण्यांपैकी पुष्कळ ठिकाणी मी कुलपाला हात न लावता पट्टीचे भोक कानशीने दोन मिलिमीटर वाढवून परत आलो आहे.

विजेबद्दल लोक उगाच जास्त घाबरतात. बहुतेक स्मार्ट लॉक चार किंवा आठ साध्या सेलवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी कोड आणि बोटाचा ठसा चालूच राहतो. जातो तो फक्त फोनवरून उघडण्याचा मार्ग, कारण राउटर बंद पडतो. राउटर इन्व्हर्टरवर घेतला की तेही निभते. सेल मात्र अल्कलाइनच वापरावेत. चार्ज होणाऱ्या सेलचा दाब मुळातच १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असल्याने कुलपाचा अंदाज चुकतो आणि पूर्वसूचना न देता ते एखाद्या दिवशी बंद पडते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दाराला वैशाखात हात लावला तर चटका बसतो, तिथे काचेच्या टच-कीपॅडवरचे आकडे उन्हात दिसतही नाहीत, म्हणून वर छोटा पत्रा तरी बसवावा. सेल पूर्ण संपल्यास बाहेरून ९ व्होल्टचा सेल किंवा पॉवर बँक लावायची जागा असते. ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे.

इंटरनेटवरून आपोआप सुधारणा घेणाऱ्या कुलपांबाबत एक जुने उदाहरण मी ग्राहकांना नेहमी सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट या कंपनीने चुकून एका मॉडेलच्या कुलपांना दुसऱ्याच मॉडेलचे सॉफ्टवेअर पाठवले आणि सुमारे ५०० कुलपे जागच्या जागी निकामी झाली. पाहुण्यांना घर भाड्याने देणारे लोक ती वापरत होते. ज्यांनी लोखंडी किल्ली जपून ठेवली होती ते दार उघडू शकले. किल्लीचे भोक नसलेले कुलूप मी बसवतच नाही. ‘दिसायला छान’ म्हणून कोणी हट्ट धरला तर दुसऱ्या कारागिराकडे पाठवतो.

ज्याला आपण आत बोलावणार आहोत त्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. माझ्या दुकानात माल आणून देणाऱ्या एका तरुणाला मी सहज विचारले, की कोणी कोड दिला तर घरात जाशील का. तो म्हणाला, “नको साहेब. आत पाऊल टाकलं आन् उद्या चमचा जरी हरवला, तर नाव माझंच येणार.” त्याचे बरोबर आहे. घरात एकटी वृद्ध बाई असेल तर तो आणखीच कचरेल, आणि सासूबाईंनाही झोपेतून डोळे उघडल्यावर दिवाणखान्यात अनोळखी पुरुष दिसावा, हे कोणत्या सोयीत बसते?

विमा आणि कायदा यांबद्दल थोडेच सांगतो. घरफोडीच्या विम्यात सामान्यतः बळजबरीने आत शिरल्याची खूण मागितली जाते. कोड दाबून उघडलेल्या दारावर अशी खूण नसते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत तर चोरीची भरपाई आग, पूर यांसारखी विमा असलेली आपत्ती घडल्यानंतर आणि तिच्यामुळे ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच आहे. परवानगीने आत आलेल्याने उचलले तरी ती राहत्या घरातील चोरीच, आणि भारतीय न्याय संहितेत तिच्यासाठी कलम ३०५ आहे. पण कुलपाच्या नोंदीत ‘कोड क्रमांक ३, दुपारी १.४२’ एवढेच मिळते, आणि तो कोड पाच कंपन्यांच्या मुलांना दिलेला असेल तर ती नोंद ठाण्यात दाखवून काही निष्पन्न होत नाही.

आता आपल्या घरासाठी काय करावे ते. आपली अडचण घर रिकामे असण्याची नाही. घरात माणूस आहे, जागे आहे, फक्त त्यांना वेळेत दारापर्यंत येता येत नाही. यावर स्मार्ट लॉकपेक्षा जुना आणि साधा उपाय आहे: व्हिडिओ डोअर फोन आणि जाळीच्या दाराला १२ व्होल्टचे इलेक्ट्रिक कुलूप. डोअर फोनचा आतला पडदा (स्क्रीन) दिवाणखान्यात न लावता सासूबाईंच्या पलंगाशेजारी, पडल्या-पडल्या हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावावा. बेल वाजली की त्यांना माणूस दिसतो, त्याच्याशी बोलता येते, आणि बटण दाबले की जाळीचे दार खट्कन सुटते. “पोर्चमधल्या कट्ट्यावर ठेव बाळा, आणि दार ओढून घे,” एवढे त्यांनी म्हणावे. मुख्य दार बंदच राहते. जाळीच्या दाराला स्प्रिंगचा क्लोजर लावला तर ते ओढून घेण्यासाठीही कोणावर अवलंबून राहावे लागत नाही, आणि वाय-फायचा पडदा घेतल्यास सूनबाईंना महाविद्यालयातूनही तेच चित्र पाहता येते. चांगल्या कंपनीच्या स्मार्ट लॉकला जो खर्च येतो त्यात वायरिंग आणि मजुरी धरून हे सगळे बहुधा बसते.

कुलूप घेताना एक गोष्ट कारागिराला स्पष्ट विचारावी. इलेक्ट्रिक कुलपाला वीज मिळाली की ते उघडते, म्हणजे वीज गेली तर ते बंदच राहते आणि किल्लीने उघडते. चुंबकाच्या पट्टीचे कुलूप याच्या उलट असते. वीज आहे तोवरच ते दार धरून ठेवते आणि वीज गेली की दार मोकळे. कार्यालयात आग लागली तर माणसे सुटावीत म्हणून ते चांगले. आमच्या शेजारच्या शनिशिंगणापुरात, जिथे घरांना कुलूप लावत नाहीत, २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली तेव्हा काचेच्या दाराला असेच सहजी नजरेत न येणारे चुंबकी कुलूप बसवले होते. पण बँकेला राखीव विजेची सोय करणे परवडते, आपल्या पोर्चला नाही. वीज जाण्याचा भरवसा असलेल्या आपल्या भागात घराच्या दाराला चुंबकी कुलूप लावू नये. डोअर फोनला मात्र १२ व्होल्टची छोटी बॅटरी जोडून घ्यावी, म्हणजे वीज नसतानाही पडदा आणि बटण चालते.

ओटीपीचा घोळ होतो तो असा, की ओटीपी ऑर्डर देणाऱ्याच्या फोनवर जातो आणि सूनबाई तासावर असतात. म्हणून पार्सलसाठी संपर्क क्रमांक सासूबाईंचा द्यावा, आणि त्यांना एकच नियम शिकवावा: पडद्यावर चेहरा दिसत असेल आणि पार्सल कट्ट्यावर ठेवलेले असेल, तेव्हाच त्या माणसाला आकडे सांगायचे, फोनवरून मागणाऱ्याला कधीच नाही. पैसे आधीच ऑनलाइन भरावेत, म्हणजे सुट्यांसाठी मुख्य दार उघडावे लागणार नाही. औषधांपैकी इन्सुलिन असेल तर ते कुरिअरने मागवूच नये. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि मे महिन्यातला पोर्च त्यासाठी नाही. कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराला सांगून संध्याकाळी पतींनी घेऊन यावे.

सासूबाई कधी गावी गेल्या आणि घर खरोखर रिकामे असले, तर पोर्चच्या आत, भिंतीला बोल्टने पक्की केलेली पत्र्याची पेटी पुरते. फॅब्रिकेटरकडून ती टपालपेटीसारखी उतरत्या झडपेची करून घ्यावी, म्हणजे पार्सल आत सरकते पण हात घालून बाहेर काढता येत नाही. जाड पत्रा, पांढरा रंग आणि तळाला पाणी निघायला दोन भोके असावीत. या पेटीसाठी जाळीच्या दाराला कोडचे कुलूप लावायची इच्छा असेल तर माझी हरकत नाही, कारण तिथे चूक झाली तरी फार तर चपलांचा जोड जाईल. मात्र तो कोड एकदाच चालणारा असावा आणि कुरिअरवाला दाराशी उभा राहून फोन करील तेव्हाच सांगावा. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या कुलपांत असे तात्पुरते कोड घड्याळाच्या हिशेबाने बनतात. सेल बदलताना कुलपाचे घड्याळ मागे पडले तर फोनने दिलेला नवा कोड कुलूप ओळखत नाही आणि ग्राहकाला वाटते की कुलूप बिघडले. त्यामुळे सेल बदलल्याबरोबर फोन जवळ धरून वेळ जुळवून घ्यावी.

आणखी एक गोष्ट विचारलेली नाही, पण सांगितलीच पाहिजे. कोणी आत शिरू नये म्हणून सासूबाईंना आत ठेवून मुख्य दार बाहेरून कुलूपबंद करून जाणारी घरे मी पाहिली आहेत. गॅस गळला किंवा शॉर्टसर्किट झाले तर त्या आतून काय करणार? मुख्य दाराला आतून किल्लीशिवाय, नुसत्या मुठीने उघडणारा लॅच असावा, आणि बाहेरची एक किल्ली शेजारच्या भरवशाच्या घरी ठेवावी.

खरेदीला जाण्याआधी जाळीचे दार पूर्ण उघडून पाहावे. ते आत उघडत असेल आणि पूर्ण उघडल्यावर मुख्य दाराच्या उंबऱ्यापर्यंत दोन फूटही जागा उरत नसेल, तर कट्टा आणि पेटी दोन्ही दारामागे अडकतील. तेव्हा आधी लोहाराकडून बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारे करून घ्यावे आणि इलेक्ट्रिक कुलपाची बाजू त्यानंतर ठरवावी, कारण डाव्या आणि उजव्या दाराची कुलपे वेगळी येतात आणि दुकानदार एकदा खोललेले कुलूप परत घेत नाही.